देणी बुडवून सावरलेला क्लब पुन्हा खेळाडू कसे घेतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमधला एखादा फुटबॉल क्लब नादार होऊन कायद्याने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात जातो, घेणेकऱ्यांच्या हातावर पौंडामागे काही पेन्स ठेवून सुटतो, आणि वर्ष-दोन वर्षांत पुन्हा खेळाडू घ्यायला बाजारात उतरतो. हे नियमात कसं बसतं? आणि ज्यांनी आपली बिलं वेळच्या वेळी भरली त्या क्लबांवर हा अन्याय नाही का?

नादारीत गेलेल्या कंपन्यांचे हिशेब निस्तरण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यात काही फुटबॉल क्लबही होते. त्या अनुभवावरून सांगतो, अन्याय होतो यात शंका नाही. मात्र चाहते तो खेळाडूंच्या खरेदीत शोधतात, आणि तो त्याच्या कितीतरी आधी, घेणेकऱ्यांची रांग लावतानाच घडून गेलेला असतो. म्हणून आधी ती रांग समजून घेऊ.

साध्या कंपनीचं दिवाळं वाजलं की तारण असलेली बँक पुढे, मग कायद्याने प्राधान्य दिलेली देणी, आणि काही उरलंच तर बाकी सगळ्यांना सारख्या प्रमाणात वाटणी. फुटबॉलमध्ये या रांगेला एक वेगळा दरवाजा आहे. क्लबला लीगमध्ये खेळायचं तर लीगचा सभासदत्वाचा हिस्सा हवा. तो नव्या मालकाच्या कंपनीला द्यायचा की नाही हे लीग ठरवते, आणि लीगची अट अशी की ‘फुटबॉलचे घेणेकरी’ पूर्ण फेडले गेले पाहिजेत. म्हणजे खेळाडूंचे थकलेले पगार, दुसऱ्या क्लबांना द्यायचे ट्रान्स्फरचे, म्हणजे खेळाडू घेतल्याच्या किमतीचे, हप्ते, लीगची स्वतःची येणी. ही अट कायद्यात कुठेही नाही, ती लीगच्या नियमावलीत आहे. पण खेळायचा हक्कच मिळणार नसेल तर क्लब विकत घेऊन करायचं काय? त्यामुळे खरेदीदार ती रक्कम मोजतो, आणि बाकीच्यांच्या वाट्याला यायचे पैसे तेवढे कमी होतात.

या नियमामागचं कारण खोटं नाही. ट्रान्स्फरचे पैसे हप्त्यांनी येतात. एक क्लब बुडाला आणि त्याने हप्ते थकवले, तर त्या हप्त्यांवर पुढचं वर्ष आखलेला दुसरा क्लबही कोसळू शकतो, आणि त्याच्यामागे तिसरा. स्पर्धा हंगामाच्या मध्यावर मोडून पडू नये म्हणून लीगने हे कुंपण घातलं. पण त्याचा एक परिणाम मला नेहमी अस्वस्थ करतो. बुडाला तरी आपले पैसे मिळणारच हे ठाऊक असल्यामुळे खेळाडू विकणारा क्लब घेणाऱ्याची पत तपासतच नाही. ज्याला आतली परिस्थिती सगळ्यात आधी कळते, त्यालाच काळजी करायचं कारण उरत नाही. काळजी करायची ती बस पुरवणाऱ्याने, छापखान्याने, सुरक्षारक्षक पाठवणाऱ्या कंपनीने, ज्यांना आतलं काहीच कळत नाही.

पोर्ट्समथची घेणेकऱ्यांची यादी 2010 साली बाहेर आली तेव्हा तिच्यात सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव होतं. सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराला उभी राहणारी ही सेवाभावी संस्था. दुसऱ्या एका क्लबच्या घेणेकऱ्यांच्या सभेला मी कामानिमित्त हजर होतो. तिथे खेळाडूंचे शर्ट धुणाऱ्या लाँड्रीच्या मालकीणबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: ‘ते शर्ट घालणाऱ्यांचा पगार पूर्ण मिळणार का?’ मिळणार होता, आणि मला हो म्हणावं लागलं. त्यानंतर त्या सभेत त्या काही बोलल्या नाहीत.

ब्रिटिश कर खात्याने या नियमाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मे 2012 मध्ये ते हरले, पण आपल्या निकालाचा अर्थ फुटबॉल लीगने (प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणी चालवणाऱ्या संस्थेने) या पद्धतीला मिळालेली पावती असा काढू नये, असं न्यायाधीशांनीच स्पष्ट केलं. पुढे 1 डिसेंबर 2020 पासून कायदा बदलला आणि व्हॅट, पगारातून कापलेला कर यांसारख्या रकमांसाठी कर खात्याला प्राधान्य मिळालं. कर खातं पुढे सरकलं, लाँड्रीवाल्या बाई होत्या तिथेच राहिल्या. खरं तर आणखी मागे ढकलल्या गेल्या, कारण त्यांच्यापुढे आता आणखी एक मोठा घेणेकरी उभा आहे.

आता शिक्षेकडे येतो. ऑक्टोबर 2002 मध्ये लेस्टर सिटी प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि त्याच हंगामाअखेर प्रीमियर लीगमध्ये चढला. देणी बुडवूनही संघ तसाच राहिला आणि वर बढतीही मिळाली. बाकीच्या क्लबांचा संताप रास्त होता. त्यातूनच 2004 मध्ये दहा गुण कापण्याचा नियम आला, आणि 2015 पासून फुटबॉल लीगमध्ये बारा गुण कापले जातात. प्रीमियर लीगमध्ये ही कपात नऊ गुणांची. 2010 मध्ये पोर्ट्समथने ती भोगली.

नियम आला की त्यातली फटही सापडते. लीड्स युनायटेड मे 2007 मध्ये, हंगाम संपता संपता, खालच्या श्रेणीत घसरण जवळपास पक्की झाल्यावर प्रशासकाकडे गेला. दहा गुण गेले खरे, पण जे आधीच हातून गेलं होतं त्यातूनच गेले. म्हणून आता मार्चच्या चौथ्या गुरुवारनंतर नादारी जाहीर केली तर लीग गुणतालिका बघते, आणि ज्या हंगामात कपात खरोखर बोचेल त्या हंगामात ती लावते. लीड्सला शेवटी घेणेकऱ्यांशी रीतसर तडजोड न करता बाहेर पडल्याबद्दल पुढच्या हंगामात आणखी पंधरा गुण गमवावे लागले, आणि तरीही तो संघ 2008 च्या बढतीसाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. ल्यूटन टाउनचं नशीब तसं नव्हतं. 2008-09 मध्ये त्यांचे तीस गुण गेले: एजंटांना दिलेल्या पैशांच्या गैरव्यवहारासाठी दहा, आणि तडजोडीविना बाहेर पडल्याबद्दल वीस. ते लीगमधूनच बाहेर फेकले गेले आणि परत यायला 2014 उजाडलं. ज्यांच्या कारभारामुळे हे झालं ते तोवर निघून गेले होते. शिक्षा भोगली ती नंतर आलेल्यांनी आणि स्टँडमध्ये बसणाऱ्यांनी. गुणकपातीबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि तिच्यावर चांगला उपाय मला अजून दिसलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, खर्च. डर्बी काउंटीचं उदाहरण घेतो, कारण तिथे सगळे नियम एकाच वेळी लागू झाले. डर्बीने 2018 मध्ये आपलं प्राइड पार्क मैदान तेव्हाच्या मालकालाच सुमारे आठ कोटी पौंडांना विकून ताळेबंदात नफा दाखवला होता. खेळाडूंची किंमत वर्षागणिक कमी दाखवण्याची त्यांची पद्धतही लीगला मान्य नव्हती. सप्टेंबर 2021 मध्ये क्लब प्रशासकाकडे गेला तेव्हा नादारीचे बारा आणि हिशेबातल्या उल्लंघनाचे नऊ, असे एकवीस गुण कापले गेले. प्रशिक्षक वेन रूनीच्या संघाने जीव तोडून खेळ केला, तरी घसरण टळली नाही.

प्रशासकाच्या ताब्यातल्या क्लबला खेळाडू घेताच येत नाहीत, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. संघ उतरवता आला नाही तर सामनेच होणार नाहीत, आणि मग तिकीटविक्रीही नाही, घेणेकऱ्यांना मिळायचं तेही बुडालं. म्हणून लीग परवानगी देते, पण दोर आखडून: ठरावीक संख्येपर्यंतच खेळाडू, ट्रान्स्फर फी द्यायची नाही, पगाराला मर्यादा, आणि प्रत्येक नोंदणी लीगच्या सहीने. बाहेर पडल्यावरही मोकळीक लगेच मिळत नाही. नवा मालक आणि लीग यांच्यात एक व्यवसाय आराखडा ठरतो. पुढचे हंगाम किती खर्च, कशातून, कुणाच्या पैशांनी, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि त्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. डेव्हिड क्लोज यांनी 1 जुलै 2022 रोजी डर्बी घेतला तेव्हा करारातले व्यावसायिक खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. त्या उन्हाळ्यात कॉनर हॉरिहान, डेव्हिड मॅकगोल्ड्रिक, जेम्स कॉलिन्स असे खेळाडू आले, सगळे एक पौंडही फी न देता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, बघा, दिवाळखोर क्लब नामांकित खेळाडू घेतोय. प्रत्यक्षात तो क्लब रिकामं घर भरत होता. 2024 मध्ये ते वरच्या श्रेणीत परतले.

याच काळात आणखी एक अट चर्चेत आली आणि ती मला महत्त्वाची वाटते. तारण नसलेल्या घेणेकऱ्यांना बाहेर पडतानाच पौंडामागे किमान 25 पेन्स, किंवा तीन वर्षांत मिळून 35 पेन्स द्यायचे. नाहीतर आणखी पंधरा गुण जातात. पंचवीस पेन्स म्हणजे पाऊण पौंड बुडालाच, पण निदान तळ तरी ठरला. त्याआधी तळच नव्हता.

म्हणजे कागदावर रचना अशी: आत असताना जवळपास बंदी, बाहेर पडल्यावर आराखड्याचं बंधन, आराखडा संपला की इतर क्लबांसारखेच नियम. खरी परीक्षा या तिसऱ्या टप्प्यात होते, आणि तिथे नियम सर्वांत कमकुवत आहेत.

स्कॉटलंडमध्ये 2014-15 च्या हंगामात नादारीतून आलेले दोन क्लब एकाच श्रेणीत समोरासमोर आले. यापेक्षा स्वच्छ तुलना मला माहीत नाही.

रेंजर्स फेब्रुवारी 2012 मध्ये प्रशासकाकडे गेला. जूनमध्ये कर खात्याने तडजोड नाकारली, मालमत्ता 55 लाख पौंडांना नव्या कंपनीकडे गेली, जुनी कंपनी विसर्जित होऊ लागली, आणि संघ चौथ्या श्रेणीतून सुरू झाला. एक वर्षाची खरेदीबंदी 1 सप्टेंबरपासून लागू होणार होती. ती लागण्याआधी जमेल तेवढं घेऊन टाकायची घाई झाली. शेवटच्या दिवशी हार्ट्सकडून डेव्हिड टेम्पलटन सुमारे सात लाख पौंडांना आला. हे केलं चौथ्या श्रेणीच्या क्लबाने, जिथले प्रतिस्पर्धी मुख्यतः अर्धवेळ खेळाडूंचे होते. डिसेंबर 2012 मध्ये समभाग विकून दोन कोटी वीस लाख पौंडांच्या आसपास उभे राहिले, घरच्या सामन्यांना पंचेचाळीस हजारांवर माणसं येत होती, तरीही पहिल्या हिशेबवर्षात सुमारे एक कोटी चाळीस लाखांचा तोटा झाला. 2014 च्या शरद ऋतूत उद्योगपती माइक अ‍ॅशली यांच्याकडून कर्ज घेऊन दिवस ढकलायची वेळ आली.

हार्ट्स जून 2013 मध्ये प्रशासकाकडे गेला. त्यांचे पंधरा गुण कापले गेले, नव्या नोंदण्या बंद झाल्या, आणि पोरासोरांना घेऊन खेळत ते 2014 मध्ये खाली घसरले. तेव्हा अ‍ॅन बज यांनी पंचवीस लाख पौंड घातले, आणि चाहत्यांची संस्था, फाउंडेशन ऑफ हार्ट्स, दरमहा वर्गणीतून पैसे पुरवू लागली. किती येणार हे महिन्याच्या सुरुवातीलाच माहीत असलेला तो पैसा होता. खर्च त्याच्या आत बसवला. 2014-15 च्या शेवटी हार्ट्स 91 गुणांसह अजिंक्य ठरला आणि रेंजर्स 67 गुणांवर तिसरा. 2021 मध्ये क्लबचे बहुसंख्य समभाग चाहत्यांच्या संस्थेकडे आले. दोघांकडे नियम जवळपास तेच होते. फरक खर्चाच्या आकड्यात होताच, पण त्याहून मोठा फरक पैसा कुठून येतोय आणि पुढच्या महिन्यात येईल का, यात होता.

पोर्ट्समथने तर दोन्ही वाटा एकट्यानेच चालून बघितल्या. पहिल्या नादारीतून 2010 मध्ये ते बाहेर पडले, घेणेकऱ्यांना पाच वर्षांत पौंडामागे 20 पेन्स देण्याच्या कबुलीवर. 2011 च्या जूनमध्ये नवा मालक आला, त्या उन्हाळ्यात पुन्हा खेळाडू घेतले, पगार वाढले. नोव्हेंबरमध्ये मालकाची बँक बुडाली, त्याला अटक झाली, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये क्लब पुन्हा प्रशासकाकडे. एकदा 20 पेन्सवर समाधान मानलेल्यांना ते वीसही मिळाले नाहीत. ज्याला तुम्ही अन्याय म्हणता तो मला इथे सर्वांत उघडा दिसतो. त्या उन्हाळ्यातला प्रत्येक नवा करार नियमात बसणारा असेलही, पण तो जुन्या घेणेकऱ्यांना दिलेल्या शब्दाच्या पुढे जाऊन बसला होता. एप्रिल 2013 मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने क्लब हातात घेतला. तेव्हा तो चौथ्या श्रेणीत घसरत होता. त्यांनी माजी खेळाडूंची थकबाकी धरून सगळी जुनी देणी सप्टेंबर 2014 पर्यंत फेडली, 2017 मध्ये श्रेणीचं विजेतेपद मिळवलं, आणि मगच क्लब मायकल आयस्नर यांच्या कंपनीला विकला. विकायच्या आधी सभासदांनी मतदान केलं.

आराखडा संपल्यावर लागू होणारे नियम थोडक्यात सांगतो. दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, तीन हंगामांत मिळून तीन कोटी नव्वद लाख पौंडांपर्यंत तोटा चालतो, पण मालकाने त्यातला मोठा भाग भागभांडवल म्हणून भरलेला असला तरच. नाहीतर मर्यादा दीड कोटी. तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीत खेळाडूंचा पगारखर्च उत्पन्नाच्या अनुक्रमे 60 आणि 50 टक्क्यांत ठेवायचा असतो. ऐकायला कडक वाटतं. पण मालकाने देणगी किंवा भागभांडवल म्हणून घातलेला पैसा बराच काळ या ‘उत्पन्नात’ पूर्ण धरला जात होता. म्हणजे तिकिटं तेवढीच विकली जायची, मैदान तेवढंच, पण मालकाने धनादेश फाडला की पगाराची मर्यादा वर. भागभांडवल परत द्यावं लागत नाही, म्हणून कर्जापेक्षा ते केव्हाही बरं, हे मान्य. पण तो धनादेश दरवर्षी फाडला जाईल याची हमी कुणाकडेच नसते. खेळाडूचा करार मात्र तीन वर्षांचा असतो.

विगन अ‍ॅथलेटिकने हे दाखवून दिलं. 1 जुलै 2020 रोजी, मालकी बदलल्यावर जेमतेम चार आठवड्यांत, तो प्रशासकाकडे गेला. मार्च 2021 मध्ये नवे मालक आले, 2022 मध्ये तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळालं. सगळे म्हणाले, सावरला. पुढच्याच हंगामात पगार पुन्हा पुन्हा उशिरा होऊ लागले, गुण कापले गेले, क्लब घसरला, आणि 2023-24 चा हंगाम उणे आठ गुणांनी सुरू झाला. विजेतेपदाच्या वर्षातही मैदानाबाहेरचा पाया तोच, एका खिशावर उभा असलेला होता.

उलट बाजूलाही उदाहरण आहे, नाहीतर मी एकांगी बोलतोय असं वाटेल. बोर्नमथ 2008-09 मध्ये नादारीमुळे उणे सतरा गुणांपासून सुरुवात करून चौथ्या श्रेणीत कसाबसा टिकला. 2011 पासून श्रीमंत मालकाच्या पैशांवर तो 2015 मध्ये प्रीमियर लीगमध्ये गेला. 2014-15 च्या हंगामात तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल 2018 मध्ये 47.5 लाख पौंडांवर तडजोड झाली. प्रीमियर लीगच्या एका हंगामाच्या प्रक्षेपणाच्या पैशांपुढे ही रक्कम किरकोळ आहे. मालक टिकला, म्हणून ते तरले. प्रामाणिकपणे हिशेब ठेवून त्या हंगामात वर न जाऊ शकलेल्या क्लबांना मात्र त्या दंडातून काय मिळालं, हे मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

काही सुधारणा खऱ्या आहेत. फुटबॉल लीगमध्ये वर्षभरात मिळून तीस दिवसांपेक्षा जास्त काळ देणी थकवली तर तीन खरेदी-खिडक्यांपर्यंत (खेळाडू घ्यायच्या ठरलेल्या मुदतींपर्यंत) ट्रान्स्फर फी देता येत नाही. हा नियम मला गुणकपातीपेक्षा जास्त आवडतो, कारण तो आग लागल्यावर येत नाही, धूर दिसताच येतो. जुलै 2025 मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा मंजूर झाला आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच परवाना देणारा स्वतंत्र नियामक कायद्याने अस्तित्वात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेफील्ड वेन्सडे हा क्लब प्रशासकाकडे गेला, तेव्हा काम किती बाकी आहे हेही दिसलं.

तुम्हाला एखाद्या विशिष्ट क्लबची शंका असेल तर अंदाज बांधत बसू नका. कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात, कंपनीज हाउसमध्ये, क्लबचे कागद कुणालाही फुकट बघता येतात. बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचा नफा पाहून हुरळून जाऊ नका. माफ झालेली देणी तिथे नफा म्हणून दिसतात, आणि त्या नफ्याची रोकड कुठेच नसते. त्याऐवजी मालकाकडून आलेले पैसे समभागांच्या रकान्यात वाढलेत की ‘संबंधित कंपनीचं कर्ज’ म्हणून, ते बघा. मैदान क्लबच्याच नावावर आहे की मालकाच्या दुसऱ्या कंपनीच्या, आणि त्यावर कुणाचा बोजा नोंदवलाय, तेही बघा.

घेणेकऱ्यांशी तडजोड करार झाला असेल तर त्याचा पर्यवेक्षक दरवर्षी प्रगती अहवाल दाखल करतो. ठरलेले हप्ते कुठवर आले, प्रत्येकाला आजवर पौंडामागे किती पेन्स पोहोचले, हे त्यात असतं. शेवटचा हप्ता पोहोचायच्या आत क्लबने फी देऊन खेळाडू घेतला असेल, तर ती तारीख आणि ती रक्कम टिपून ठेवा, आणि मालक चाहत्यांसमोर बसतील तेव्हा विचारा की या दोन्हींतलं आधी काय द्यायचं हे कुणी ठरवलं.